खालची मूठ

करवतीला मुठी दोन आणि घरात भाऊही दोन, त्यामुळे वाटणीचा प्रश्न कधी आलाच नाही. वरची मूठ थोरल्याची, खालची धाकट्याची. वखारीच्या मागे पुरुषभर खोल खड्डा, खड्ड्यावर दोन आडव्या तुळया आणि तुळयांवर ओंडका. थोरला ओंडक्यावर उभा राहून करवत वर खेचायचा आणि सुताराने मारलेल्या गेरूच्या रेघेवर ती धरून ठेवायचा. धाकटा खड्ड्यात उभा राहून ती खाली ओढायचा. लाकूड कापलं जातं ते खाली ओढताना, म्हणजे कष्ट निम्म्याहून जास्त खालच्याचे. पण फळी सरळ निघाली की लोक नाव घेतात वरच्याचं. खालच्याचं तोंडसुद्धा दिवसभर कुणाला दिसत नाही. एकोणतीस वर्षं हे असंच चाललं होतं, आणि त्याबद्दल धाकट्याने कुणाकडे कधी तक्रार केली नव्हती. मनातल्या मनात मात्र रोज केली होती.

त्या वर्षी नदी चढली आणि उतरताना काठावरच्या अकरा होड्या घेऊन गेली. गावाची निम्मी शेतं पलीकडच्या काठाला. होड्या बांधणारा सुतार वखारीत येऊन बसला. त्याला बारा हात लांबीच्या सरळ फळ्या हव्या होत्या, आणि तेवढा ओंडका गिरणीच्या यंत्रात मावत नाही. यंत्रामुळे महिन्यातले पंधरा दिवस रिकामे बसणाऱ्या भावांना अचानक भाव आला. अडचण एकच होती. थोरला दवाखान्यात पडला होता.

पूर ओसरताना वखारीचे ओंडके वाहून चालले होते. थोरला दोन दिवस छातीभर पाण्यात उभा राहून ते दोराने अडवत होता. तिसऱ्या दिवशी त्याला हुडहुडी भरली, पाचव्या दिवशी श्वास पुरेना. मोठ्या गावातल्या दवाखान्यात अकरा दिवस काढले, त्यातले चार नाकातोंडावर प्राणवायूचा मुखवटा लावून. छातीत जंतूंनी घर केलंय, वयही साठीला आलंय, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा वहिनी भिंतीला टेकून खालीच बसली होती. तो घरी आला तेव्हा सदरा खुंटीला टांगल्यासारखा अंगावर लोंबत होता.

सुतार थांबला. "रेघ मी थोरल्याच्याच हाती देणार," तो म्हणाला. "होडीच्या फळीत बोटभर बाक आला तर माणसं बुडतात."

महिन्याभराने थोरला ओंडक्यावर चढला. पहिले पंधरा दिवस बरे गेले. धाकट्याला खालून ते कळायचं. चांगला जोडीदार वर असला की करवत हलकी लागते, तिला स्वतःचंच काही वजन नाही असं वाटतं. मग एका सोमवारी ती जड झाली.

"दादा, उचल की!"

"उचलतोय."

"कुठं उचलतोयस? निम्मीच येतेय वर."

करवत निम्मी वर गेली, अडखळली, खाली आली. असं दुपारपर्यंत चाललं. दुपारी जेवण झाल्यावर मात्र थोरला असा काही सुटला, की धाकट्यालाच धाप लागली. मंगळवारी पुन्हा तेच. सकाळी मरगळ, दुपारी घोडा. बुधवारी सकाळी कापलेली फळी सुताराने दोन हातांनी उचलली, एक डोळा मिटून तिच्या कडेवरून नजर टाकली आणि जमिनीवर आपटली.

"ही होडीला लावू, का सापाला अंथरायला देऊ?" सुतार म्हणाला.

वखारीत सात-आठ माणसं होती. बैलगाडीवाला होता, ज्याला सगळे 'रेडिओ' म्हणत, कारण तो सुरू झाला की बंद करायला बटण नव्हतं. सगळे हसले. थोरला ओंडक्यावर उभाच होता. खाली उतरायला त्याला एवढा वेळ लागला, की लोकांचं हसणं संपलं तरी त्याचा एक पाय वरच होता. धाकट्याला भावाची दया आली नाही. त्याला राग आला. फळी वाकडी झाली वरच्यामुळे, आणि हसणं मात्र दोघांच्या वाटणीला.

आता धाकटा लक्ष ठेवू लागला. माणूस एकदा लक्ष ठेवायला लागला की त्याला हवं ते दिसतंच. दोन्ही घरं एकाच अंगणात, भिंतीला भिंत लागून. धाकटा पहाटे चूळ भरायला अंगणात यायचा तेव्हा थोरल्याचं दार बंद असायचं. पूर्वी थोरला त्याच्या आधी उठून करवतीच्या दात्यांवर कानस फिरवून मोकळा व्हायचा. आता हाक मारली की वहिनी दार थोडंसं उघडून म्हणायची, "येतात हे. व्हा तुम्ही पुढं, भावोजी."

"तब्येत बरी नाही का?"

"बरी आहे की. तुम्ही व्हा पुढं."

आतून थोरल्याचं कण्हणं यायचं, आणि ते धाकट्याला जांभईसारखं ऐकू यायचं. संध्याकाळी हाच थोरला फडताळावरची पाण्याची घागर दोन हातांनी उतरवताना त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. सकाळी करवत निम्मीच वर नेणारा माणूस संध्याकाळी डोक्यावरून घागर उतरवतो? आजाराला काय घड्याळ कळतं? दवाखान्यात अकरा दिवस आयतं खायची आणि उन्हं वर येईपर्यंत पडून राहायची सवय लागली, दुसरं काय. धाकट्याने बायकोला तसं बोलून दाखवलं. बायको म्हणाली, "मोठे भावोजी तसले नाहीत." म्हणजे हिलाही त्याने भुलवलंय, असं धाकट्याने ठरवून टाकलं.

शुक्रवारी दुसरी फळी वाकडी गेली. या खेपेला सुतार काही बोलायच्या आतच धाकटा खड्ड्यातून वर आला. आपण वाकड्या फळीतले नाही हे त्याला सगळ्यांना दाखवायचं होतं.

"दादा, उतर खाली," तो म्हणाला.

थोरला बघत राहिला.

"उतर म्हणतोय ना. अंग चोरायचं असेल तर घरी बसून चोर. इथं माझ्या नावाला का काळं फासतोस?" आवाज त्याला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. मोठा निघाला म्हणून तो आणखी वाढवावा लागला. "सकाळी हात उचलत नाही आणि संध्याकाळी घागरी उतरवतोस. मी काय आंधळा आहे? सगळं ढोंग चाललंय नुसतं!"

वखार गप्प झाली. रेडिओसुद्धा गप्प झाला, म्हणजे बघा. साठीच्या भावाला पन्नाशीच्या भावाने चारचौघांत ढोंगी म्हणणं गावात रोज घडत नाही. थोरल्याच्या तोंडावर काय उमटलं ते बघायचं धाकट्याने टाळलं, म्हणून ते त्याला आजही सांगता येत नाही.

"मग कसं करायचं?" थोरल्याने विचारलं. आवाजात राग नव्हता.

"मी वर जातो. तू खाली हो. खाली काय, नुसतं मुठीला धरून वाकायचं. एकोणतीस वर्षं केलंय मी ते."

थोरला खड्ड्याच्या शिडीने खाली गेला. शेवटच्या दोन पायऱ्या तो बसून उतरला.

शनिवारपासून धाकटा ओंडक्यावर उभा राहू लागला. वर ऊन होतं, वारा होता, रस्त्याने जाणारी माणसं "काय, आज वर का?" म्हणून विचारत होती. त्याने कापलेल्या फळ्या थोरल्याच्या हातच्या नव्हत्या, पण सुताराने त्या पाहून "चालतील" म्हटलं, आणि त्या एका शब्दावर धाकटा दिवसभर तरंगत राहिला. सकाळी करवत फार जड लागायची. वर खेचताना सगळं वजन आपल्यालाच उचलावं लागतंय, खालचा नुसता लोंबकळतोय, हे त्याला हाताला कळत होतं. "लोंबकळू नको, दादा!" तो ओरडायचा. करवतीवाल्याला लोंबकळ्या म्हणणं ही आईवरून दिलेल्या शिवीच्या जवळपासची गोष्ट. खालून आवाज यायचा, "बरं."

आणखी एक गोष्ट त्याला खुपत होती. वहिनी रोज सकाळी नवऱ्याबरोबर वखारीत यायची, पाण्याचा तांब्या घेऊन खड्ड्यात उतरायची आणि थोड्या वेळाने वर यायची. दुपारी जेवण घेऊन पुन्हा उतरायची. एवढ्या मोठ्या बाप्याला खड्ड्यापर्यंत पोचवायला बायको! रेडिओने त्यावरही दोन-चार विनोद केले. धाकटा त्यांना हसला. हसायला नको होतं हे त्याला तेव्हाही कळत होतं.

मंगळवारी सकाळी ओंडक्यात गाठ लागली आणि करवत अडकली. अशा वेळी खालच्याने मूठ सोडायची, बाजूला व्हायचं आणि वरच्याने कापात पाचर ठोकून करवत मोकळी करायची, हा नेहमीचा रिवाज. खालच्याने तिथं थांबायचं नसतं. पाचर ठोकताना ओंडका सरकू शकतो, आणि सरकला तर तो खड्ड्यातच येतो.

"सोड," धाकटा म्हणाला.

मूठ सुटली नाही. वरच्या मुठीवर त्याला वजन जाणवत होतं.

"दादा, सोड म्हणतोय ना! पाचर मारायचीय."

"थांब जरा," खालून आवाज आला.

"थांब काय? झोप लागली का तिथं?" आणि रागाच्या भरात त्याने दोन्ही पाय रोवून करवतीला वर हिसका दिला. करवत सुटली, सरकन वर आली, आणि तिच्याबरोबर खालून एक आवाज आला. तसा आवाज त्याने थोरल्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. आई गेली तेव्हाही नाही.

तो पोटावर पालथा पडून ओंडक्याच्या कडेवरून खाली वाकला. थोरला चवड्यांवर उभा होता. दोन्ही हात डोक्याच्या वर ताणलेले, मान एका बाजूला पडलेली. आणि दोन्ही मनगटं जुन्या चादरीच्या पट्ट्यांनी खालच्या मुठीला करकचून बांधलेली.

धाकट्याला समजायला थोडा वेळ लागला. मग एकदम सगळं समजलं. थोरल्याला हात वर उचलता येत नव्हते, म्हणून त्याने ते करवतीकडून उचलून घ्यायचं ठरवलं होतं. वरून धाकटा जी करवत खेचत होता, तिच्यासोबत तो भावाचे हातही खेचत होता. प्रत्येक खेपेला. चार दिवस. आणि ओरडत होता, लोंबकळू नको म्हणून.

वहिनी अजून वखारीच्या फाटकातच होती. आवाज ऐकून ती धावत आली आणि शिडीवरून जवळजवळ उडी टाकून खाली गेली. गाठी तिने बांधल्या होत्या, तिलाच त्या सोडवता येत होत्या. धाकटाही मागोमाग उतरला. मनगटांभोवती चामडी सोलून लाल झाली होती. थोरल्याचे हात सुटले तरी पटकन खाली येईनात. वहिनीने एकेक हात लहान मुलाचा धरावा तसा धरून खाली आणला.

"वहिनी, हे... मला सांगायचं तरी," धाकटा म्हणाला.

"काय सांगायचं?" वहिनी त्याच्याकडे न बघता बोलली. "सकाळी यांना मी कुशीवर वळवते, मग बसवते, मग उभं करते. सदऱ्याच्या बाह्या मी चढवते. न्हाणीघरात मीच... जाऊ दे. ते सांगायचं होतं का तुम्हाला? अंगणातून हाका मारत होता तेव्हा?"

"गप्प बस," थोरला म्हणाला.

"गप्पच होते. म्हणून तर ही वेळ आली."

"ओंडका घसरला असता तर, दादा? हात बांधलेले. पळाला कसा असतास?"

"नसता घसरला," थोरला म्हणाला. "तू नीट बसवतोस ओंडका."

धाकट्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भावाने एक थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. पण थोबाडीत द्यायला हात वर यावा लागतो.

वखारीत त्याने सांगितलं, करवत अडकली, दादाच्या हाताला लागलं, दवाखान्यात नेतो. रेडिओने बैलगाडी जुंपून दिली आणि वाटेत सल्लेही दिले. नदी ओलांडून पलीकडच्या दवाखान्यात जायचं, तर गावात उरलेल्या दोनच होड्या. त्यातल्या एकीत थोरल्याला बसवताना दोघांनी धरलं. होडीवाल्याने विचारलं, "काय झालं?" थोरला म्हणाला, "लचक."

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी मनगटं पाहिली, पण त्यावर काही विचारलं नाही. मलमपट्टी झाल्यावर म्हणाल्या, "हात वर करा." थोरल्याने हात छातीपर्यंत आणले आणि ओठ दाबले. "खुर्चीतून उठा, हाताचा आधार न घेता." उठता आलं नाही. त्या विचारत गेल्या. दोन्ही खांदे का? दोन्ही मांड्या, कंबर? सकाळी जास्त? दुपारनंतर सैल पडतं?

"दुपारनंतर बराच मोकळा होतो," थोरला चोरी पकडल्यासारखा म्हणाला.

"तसंच असतं या दुखण्यात," बाई म्हणाल्या.

धाकटा दाराशी उभा होता. तसंच असतं. एवढंच. एखाद्या दुखण्याला खरोखरच घड्याळ कळतं, आणि ते पोरीच्या वयाच्या या बाईला ठाऊक आहे, आणि जन्मभर भावाच्या करवतीच्या दुसऱ्या टोकाला राहिलेल्या माणसाला ठाऊक नाही.

बाईंनी डोकं दुखतं का, चावताना जबडा दुखतो का, नजर अंधुक होते का, हेही विचारलं. तिन्हींना नाही म्हटल्यावर त्या जरा निवांत दिसल्या. रक्त काढून आत पाठवलं. तासाभराने कागद आला. अंगात सूज फार आहे असं रक्त सांगतंय, त्या म्हणाल्या. सांध्यांभोवती, स्नायूंभोवती.

"आधी कुठला मोठा आजार?"

"छातीचा झाला होता. पुरानंतर," वहिनी म्हणाली.

"त्याच्यामुळं झालं का हे?" धाकट्याने विचारलं.

"ठामपणे सांगता येत नाही. जंतूंशी लढायला शरीर जी फौज उठवतं, ती कधी कधी जंतू गेले तरी घरी जात नाही, आपल्याच अंगात दंगा करते. मोठ्या संसर्गानंतर काही जणांना असं होताना दिसतं. संबंध असू शकेल. नसेलही. याच वयात हे दुखणं आपसूकही येतं." त्यांनी थोरल्याकडे पाहिलं. "एवढ्या थंड पाण्यात कशाला उतरलात हो, या वयात?"

"कुणीतरी उतरायला हवं होतं," थोरला म्हणाला.

वहिनी खिडकीतून बाहेर बघू लागली. धाकट्याने दाराची चौकट धरली. पाण्यात उतरायला वखारवाल्याने दोघांना सांगितलं होतं. पाण्याचा रंग आणि वेग बघून धाकट्याने गुडघा धरला होता. गुडघ्याला काही झालं नव्हतं. त्याने तोंड वाकडं केलं, दोन पावलं लंगडून दाखवली, आणि थोरला म्हणाला, "तू थांब काठावर, मी बघतो." दोन दिवस धाकटा काठावर बसून दोराचं टोक धरत होता आणि कुणी बघितलं की गुडघा चोळत होता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. ज्याने स्वतः ढोंग केलेलं असतं, त्याला दुसऱ्याचं कण्हणं ढोंगच वाटणार. हे त्याला तिथं, त्या चौकटीला धरून उभं असताना उमगलं. वहिनीला गुडघ्याचं खरं काय ते माहीत होतं की नाही, कोण जाणे. ती खिडकीतून बाहेरच बघत होती.

बाईंनी गोळ्या दिल्या. सकाळी खाऊन घ्यायच्या, मनाने बंद करायच्या नाहीत, हळूहळू कमी करत वर्ष-दीड वर्ष घ्याव्या लागतील, डोकं दुखलं किंवा नजर गेल्यासारखी वाटली तर धावत यायचं. "आणि फरक लवकर पडेल," त्या हसून म्हणाल्या. "इतका लवकर की तुम्हालाच खरं वाटणार नाही."

तिसऱ्या दिवशी पहाटे धाकटा चूळ भरायला अंगणात आला, तर थोरला उंबऱ्यावर बसून करवतीच्या दात्यांवर कानस फिरवत होता. सदऱ्याची बटणं त्याने स्वतः लावली होती, वरची-खालची चुकवून. धाकट्याला बघून तो उठला, खांबाला न धरता उठला, आणि दोन्ही हात सरळ डोक्यावर नेले. तसेच धरून ठेवले. साठीचा माणूस, पण त्या क्षणी पोरासारखा दिसत होता.

"बघ," तो म्हणाला.

आतल्या बाजूला वहिनीने डोळे पुसले. धाकट्याच्या मनात पहिला विचार आला तो असा, की आता वरची मूठ गेली. दुसरा विचार आनंदाचा होता, खरोखरच होता, पण तो दुसरा आला. पुढे कधीही ती सकाळ आठवली की त्याला आधी हेच आठवायचं.

वखारीकडे जाताना वाटेत तो थांबला. बोलायचं त्याने रात्रभर जुळवून ठेवलं होतं. "दादा, मी आज सगळ्यांसमोर सांगणार आहे. आजार खरा होता, हात बांधून काम करत होतास, मी खोटं बोललो. सगळं. गुडघ्याचंसुद्धा."

थोरल्याने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. गुडघ्याचं काय, असं त्याने विचारलं नाही.

"काही सांगायचं नाही," तो म्हणाला.

"अरे, पण मी तुला चारचौघांत..."

"बोललास ना? ते राहू दे तसंच. डोक्याने विचार कर जरा. आळशी माणसाला लोक चार शिव्या घालतात आणि काम देतात. खांदे गेलेल्याला हळहळतात आणि दुसरा माणूस बघतात. सुताराच्या चार होड्या बाकी आहेत. हात बांधून करवत ओढत होता हे त्याच्या कानावर गेलं, तर तो मला ओंडक्यावर उभं करेल का? तू करशील का, त्याच्या जागी असतास तर?"

धाकट्याने नकारार्थी मान हलवली.

"मग झालं तर," थोरला म्हणाला आणि चालू लागला. त्याची पावलं आता पूर्वीसारखी लांब पडत होती. धाकट्याला मागून जवळजवळ पळावं लागलं.

वखारीत सगळे होते. थोरला ताठ चालत आलेला पाहून रेडिओ सुरू झाला. "आले, आले! काय हो, मंगळवारी उचलून नेला आणि शुक्रवारी धावत आला? कसली लचक म्हणायची ही, तीन दिवसांत पळाली? आम्हालाही द्या की तसली एक, बायकोने काम सांगितलं की उपयोगी पडेल!"

हशा पिकला. वखारवालाही हसला. धाकट्याने पाहिलं, भाऊ जितका लवकर बरा झाला होता तितकं त्याचं ढोंग पक्कं झालं होतं. महिनाभर खाटेवर कुजला असता तर लोकांनी आजार मानला असता.

सुतार मात्र हसला नाही. लाकडाच्या ढिगावरून उठून तो धाकट्याजवळ आला. त्याने आवाज खाली आणला, पण वखारीत खाली आणलेला आवाज सगळ्यांना आधी ऐकू येतो.

"तू रोज त्याच्या बरोबर असतोस," तो म्हणाला. "मला खरं सांग. याच्या अंगात काही दुखणं आहे का? असेल तर वाईट वाटायचं कारण नाही, मी दुसरी जोडी बघतो. पण चार होड्यांचं लाकूड आहे. ऐन वेळी मला तोंडघशी पाडू नका."

थोरला थोड्या अंतरावर ओंडक्याला टेकून उभा होता. सदऱ्याच्या बाह्या त्याने मनगटांपर्यंत ओढून घेतल्या होत्या. त्याने धाकट्याकडे पाहिलं. ती नजर विनवणीची होती, आणि थोरल्या भावाने धाकट्याला विनवावं हे धाकट्याला बघवेना.

"दुखणं कसलं!" धाकटा म्हणाला. आवाज पहिल्या वेळेसारखा मोठा काढावा लागला. "मी त्या दिवशी सांगितलं तेच. अंग चोरत होता. दवाखान्यात पडून पडून लागलेली खोड, दुसरं काय."

पुन्हा हशा झाला. सगळ्यांत मोठ्याने थोरला हसला. हसत हसत त्याने कान पकडले, चुकलं बाबांनो म्हणाला, आणि मग दोन्ही हात डोक्यावर उंच धरून गोल फिरून दाखवलं, तमाशातल्या सोंगाड्यासारखा. बाह्या घसरू नयेत म्हणून त्याने त्यांची टोकं मुठीत पकडली होती. ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

"हां, मग ठीक आहे," सुतार म्हणाला. त्याचा जीव भांड्यात पडला होता. त्याने धाकट्याच्या पाठीवर थाप मारली. "भाऊ असावा तर असा. दुसऱ्याने झाकून नेलं असतं. तू चारचौघांत खडसावलंस म्हणून माणूस ताळ्यावर आला."

"खरं आहे," वखारवाला म्हणाला. रेडिओनेही मान डोलावली.

थाप मारलेली जागा धाकट्याच्या पाठीवर जळत होती. तो वळला आणि कुणी सांगायच्या आधी शिडी धरून खड्ड्यात उतरला. खाली गार होतं. खालच्या मुठीवर चादरीच्या पट्टीचे दोन-चार धागे अजून चिकटलेले होते. त्याने ते नखाने काढून खिशात टाकले.

वर पावलं वाजली. थोरला ओंडक्यावर चढला होता. करवत रेघेवर टेकली आणि वर गेली, पूर्ण वर, पिसासारखी हलकी. धाकट्याने मान उचलून पाहिलं. उजेडाच्या विरुद्ध भावाचं तोंड दिसत नव्हतं, नुसते हात दिसत होते.

"वर बघू नको," थोरला म्हणाला. "भुसा जाईल डोळ्यांत."

धाकट्याने मान खाली घातली आणि ओढलं.